चौकोनी लाटेची साफसफाई

खारघरच्या कॉलेजात तपासणी समिती बारा वाजता यायची होती आणि सुभाष सरांची लाट काही केल्या चौकोनी होत नव्हती. सेकंदाला एक कोटी वेळा वर-खाली होणारी गोलसर साइन लाट सर्किटमध्ये घालायची आणि चांगली कोपरेदार चौकोनी लाट बाहेर काढायची, असा तो प्रयोग. त्यावर प्रयोगशाळेची मान्यता ठरायची होती. "डोळे मिटून दाखवतो," असं सरांनी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

स्वतःची चूक असू शकते, हा विचार सरांना सहसा शिवत नसे. त्यांनी आधी चिप बदलली. मग वायरी आखूड केल्या, पॉवर सप्लाय बदलला, शेवटी वाशीहून रिक्षाने नवी चिप मागवली. लाटेचा आकार दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर लाट आपली उकडलेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत.

"ही चिपपण डुप्लिकेट!" सर कडाडले.

"सर, मी काय बोलतो..." लॅब असिस्टंट प्रीतम तिसऱ्यांदा म्हणाला. तो सारसोळे गावचा, कामाला वाघ.

"तू आधी टेबल पूस!"

"कवाच पुसला. सोकालीच ह्यो स्कोप पन साफ केला. रेघ लय जाड दिसत व्हती. बाजूचं बटन दाबलं, झाली बारीक. समितीसमोर बरं दिसतं ना!"

सरांचा हात सोल्डरिंग आयर्नसकट हवेतच थांबला. ते बटण फार भरभर हलणारं सगळं गाळून टाकतं. त्यात रेघ जाड करणारी बारीक थरथर गेली होती आणि लाटेचे झटकन वळणारे चारही कोपरेसुद्धा. सर्किट सकाळपासून बरोबर होतं.

सरांनी बटण बंद केलं. रेघ जाड झाली, पण लाट अशी चौकोनी उभी राहिली की सरांना तिचा मुका घ्यावासा वाटला. तेवढ्यात समितीच्या वैदेही मॅडम फॉर्म घेऊन आत आल्या.

"वा, चौकोनी आहे. पण रेघ एवढी गचाळ का?" असं म्हणत त्यांनी स्वतःच ते बटण दाबलं. "हं. आता कशी स्वच्छ!" आणि मान खाली घालून त्या लिहू लागल्या : चौकोनी लाट मिळाली. टापटीप उत्तम.

पडद्यावर पुन्हा बटाटा. सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

"सर," प्रीतम कानाशी कुजबुजला, "आदी सही होव द्या."

दिवसभरात पहिल्यांदाच सरांनी प्रीतमचं ऐकलं.