घरी थांबण्यासाठी रजा

माणसाला राहायला एक जागा लागते आणि काम करायला दुसरी, आणि त्याचे निम्मे आयुष्य या दोन जागांच्या मधल्या रस्त्यावर जाते, हे मानवजातीचे फार जुने दुखणे आहे. भल्याभल्यांनी त्यापुढे हात टेकले होते. एका विमा कंपनीने ते पंधरा पानांत बरे केले.

त्या पंधरा पानांना ‘गृहकार्य करारनामा’ असे नाव होते. तो तयार करण्यासाठी नऊ जणांची समिती अकरा महिने बसली होती (कार्यालयातच, घरी लक्ष लागत नाही असे समितीचे मत पडले).

या हकिकतीतला गृहस्थ त्या कंपनीत पडताळणीस या हुद्द्यावर होता. येणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या प्रत्येक पानावर सही आहे ना, सगळ्या सह्या एकाच हाताच्या आहेत ना आणि ‘वरील मजकूर वाचला व मान्य आहे’ या चौकटीत खूण आहे ना, एवढे त्याने बघायचे. अर्जात काय लिहिले आहे ते बघणारा विभाग वेगळा होता (तो काटकसरीत बंद झाला). एकोणीस वर्षांत त्याच्या नजरेतून एक सही निसटली नव्हती. करारनामा हातात आला तेव्हा त्याने पंधराही पानांवर सही केली, सगळ्या सह्या जुळतात का ते उलटसुलट तपासले, चौकटीत खूण केली आणि तृप्त मनाने कागद परत दिले. मजकुराकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

करारनाम्याच्या चौथ्या कलमानुसार त्याचे राहते घर हे कंपनीचे ‘कामाचे ठिकाण’ झाले. घर म्हणजे किती घर, याचा समितीने खोलात जाऊन विचार केला होता. टेबलापुरतेच धरले तर टेबलावरून उठताक्षणी माणूस गैरहजर ठरतो, म्हणून अख्खे घर धरण्यात आले. स्वयंपाकघर, बाल्कनी आणि जिन्याचा पहिला टप्पाही त्यात आला. न्हाणीघराबद्दल मतभेद झाले, पण तिथूनही फोनवर बोलता येते हे एका सदस्याने प्रत्यक्ष करून दाखवल्यावर तेही सामील झाले.

पहिल्याच वर्षी उशिरा येणाऱ्यांचे प्रमाण एकतीस टक्क्यांवरून शून्यावर आले. लवकर निघून जाणाऱ्यांचेही शून्यावर आले, कारण निघून जायला जागाच उरली नव्हती. सरासरी हजेरी एकशे चार टक्के भरली (वरचे चार टक्के रजेवर असताना घरी सापडलेल्यांचे).

दर महिन्याच्या एक तारखेला मात्र पडताळणीसाला कार्यालयात जावे लागे. आपण कार्यालयात येत नाही असे त्याला तिथे समक्ष लिहून द्यायचे असे. या भेटीचा खर्च कंपनी देई. म्हणजे जाण्याचा. परतीचे तिकीट जोडले तेव्हा ते टाचणीसकट परत आले. कार्यालयातून घरी जाणे म्हणजे कामाच्या ठिकाणी जाणे, आणि कामावर येण्याचे भाडे मागायची जगात कुठेच रीत नाही.

“मग मी परत कसा जाऊ?” त्याने आस्थापनावाल्या बाईंना विचारले. रजा, भत्ते आणि नेमणुका याच बाई बघत.

“ते आम्ही कसं सांगणार? कामावर कसं यायचं हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या. स्वभावाने त्या अतिशय चांगल्या होत्या. त्यांनी त्याला चहा पाजला, आणि त्याच्या स्वतःच्या जुन्या खुर्चीवर पाच मिनिटे बसायचा पाहुण्यांचा पासही काढून दिला.

या सगळ्याचे घरात एकाच माणसाला कौतुक होते, ते म्हणजे त्याच्या वडिलांना. ते एका मोठ्या खात्यात हेडक्लार्क होते. नोकरीच्या तीस वर्षांत त्यांनी चार हजारांवर रजेचे अर्ज फेटाळले, आणि त्यातला एकही पुन्हा उभा राहिला नाही. नवव्या कलमाप्रमाणे कामाच्या ठिकाणी वावरणाऱ्या त्रयस्थ व्यक्तींची नोंद ठेवायची होती. मुलगा ते विसरून गेला असता. वडिलांनी स्वयंपाकघराच्या दाराला दोरीने वही बांधली. रोज सकाळी ते आपल्या खोलीतून बाहेर यायचे, वही डाव्या डोळ्याजवळ धरायचे (उजवा काचबिंदूने केव्हाच नेला होता) आणि नाव, वेळ, नाते भरून कारणाच्या रकान्यात ‘वास्तव्य’ लिहायचे.

सून इस्पितळात नर्स होती. सकाळी सातच्या पाळीसाठी ती पळत सुटली की मागून हाक यायची, “सूनबाई, नोंद राहिली!”

“बाबा, मी बाहेर चाललेय.”

“मग बाहेरच्या रकान्यात कर.”

असे सुरळीत चालले असताना वडिलांच्या त्या एकुलत्या एक डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रिया अवघड होती, पण पार पडली. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी ठेवली आणि सांगितले की आठवडाभर दर दोन तासांनी पट्टी उचलून दोन औषधांचे थेंब घालायचे, दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटे जायला हवीत, रुग्ण उताणा हवा आणि आसपास धूळ नको. मग त्यांनी मुलाला बाजूला घेतले. “यांच्याकडे हा एकच आहे. हयगय झाली तर राखीव नाही.”

सुनेच्या रजा संपल्या होत्या. तेव्हा थेंब मुलाने घालायचे ठरले. तो तर काय, घरीच असतो.

सोमवारी सकाळी तो टेबलाशी बसला. कंपनीने दिलेला संगणक दर सात मिनिटांनी त्याचा फोटो काढत असे आणि खुर्ची रिकामी दिसली की लाल बावटा लावत असे. तीन बावट्यांना नोकरी जात असे. थेंबांना बारा मिनिटे लागत. अकरा वाजेपर्यंत दोन बावटे लागले होते, आणि एक वाजता पुढचे थेंब होते.

घाबरून त्याने अर्ज टाकला. ‘वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे आठवडाभर घरी थांबण्यासाठी रजा मिळावी.’ चार मिनिटांत उत्तर आले: ‘अर्जदाराने घरी थांबणे हे हजेरीस पात्र असल्याने त्यासाठी रजा देता येत नाही. हजेरीबद्दल अभिनंदन.’

त्याने ते वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. ते पट्टी बांधून उताणे पडले होते. “मसुदा सुरेख आहे,” ते म्हणाले.

“बाबा, नामंजूर झाली रजा!”

“व्हायलाच हवी. तू कामावर थांबायला रजा मागितलीस. अरे, कारणात घर कशाला घातलंस? घराबाहेर जाण्यासाठी रजा, असं लिही.”

तसे लिहिल्यावर रजा तत्काळ मंजूर झाली. अट एकच होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रजेवरचा कर्मचारी कामाच्या ठिकाणी आढळता कामा नये. आढळल्यास रजा रद्द होऊन तिसरा बावटा लागेल. संगणक चालूच राहणार होता. त्याने बायकोला फोन करून सगळे सांगितले.

“म्हणजे घरी राहायचं म्हणून घराबाहेर जायचं,” ती म्हणाली. “आमच्या वॉर्डात असं कुणी बोललं तर आम्ही त्याला झोपेचं औषध देतो.”

घड्याळात पावणेएक वाजले होते. बागेत धूळ होती. वाचनालयात आडवे पडायला बंदी होती. शेजारचे दार वाजवले, तर शेजारीही दुसऱ्या एका कंपनीच्या करारावर होता, आणि त्याच्या घरात परका माणूस आणायला तीन दिवस आधी कळवावे लागत होते. शेजाऱ्याला फार वाईट वाटले, त्याने दारातूनच एक उशी दिली. शेवटी पडताळणीसाने वडिलांचा हात धरून त्यांना जिन्याच्या दुसऱ्या टप्प्यावर नेले (पहिला कंपनीचा), चादर अंथरली, उशी दिली आणि पट्टी उचलली. घाईत पहिला थेंब गालावर पडला. वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या सांभाळत दोघांना ओलांडून गेल्या आणि ‘लवकर बरे व्हा’ म्हणाल्या. त्यांच्या चपलांची धूळ वडिलांच्या कपाळावर बसली. त्या क्षणी त्याला कंपनीचा मनस्वी संताप आला, आणि आपण त्या कंपनीत एकोणीस वर्षे काढली याची लाज वाटली.

तीनचे थेंब कुठे घालायचे याचा विचार करता करता त्याला एक जागा आठवली. स्वच्छ, थंड, काचा बंद, लांबलचक सोफा, आणि सगळे घरी गेल्यामुळे ओसाड. त्याने टॅक्सी केली आणि वडिलांना कार्यालयात नेले.

“कुणाला भेटायचंय?” दारावरच्या रखवालदाराने विचारले.

“कुणालाच नाही. मी रजेवर आहे.”

“मग चौथा मजला,” रखवालदार म्हणाला आणि त्याने मान वर न करता दोन पास फाडून दिले.

चौथा मजला भरलेला होता. दावे विभागातली एक बाई ताप आला म्हणून बैठकीच्या टेबलावर शाल पांघरून झोपली होती. हिशेब विभागातल्या एकाचे नुकतेच लग्न झाले होते. तो आणि त्याची बायको फळ्याखाली बसून एकमेकांना संत्री सोलून देत होते. कुणाची तरी आई गेली होती. त्याला रडायला झेरॉक्सची खोली दिली होती, कारण तिथे आतून कडी होती. ‘हरकती’ अशी चिठ्ठी लावलेल्या एका रिकाम्या खणात दीड महिन्याचे बाळ गाढ झोपले होते, आणि त्याची आई शेजारी बसून खण हळूहळू आतबाहेर सरकवत होती. रजेवरची सगळी कंपनी घरी राहायला कार्यालयात आली होती.

आस्थापनावाल्या बाईंनी खिडकीपासचा सोफा झाडून दिला. तीनचे थेंब वेळेवर पडले. पाचचे पडले. दुसऱ्या दिवसापासून वेळ झाली की कुणीतरी आठवण करी, कुणीतरी डोके धरी, आणि तापवाली बाई दोन औषधांमधली पाच मिनिटे मोठ्याने मोजी. त्या मजल्यावर एवढी माया आजवर कुणी पाहिली नव्हती. समितीलाही ती दिसली. कर्मचारी रजेतही कार्यालयात रमतात, अशी तिने कराराच्या यशात नोंद केली.

आठवड्याच्या शेवटी सून पाळी संपवून तिथेच आली. तिथल्या दारावरच्या वहीत तिने न सांगता नोंद केली आणि पट्टी काढली. वडिलांनी दोनदा पापणी मिटली. मग खिडकी पाहिली, सून पाहिली, मुलगा पाहिला. “वाळलास,” ते म्हणाले, आणि त्यांनी काहीतरी वाचायला मागितले.

हाताशी फक्त मुलाच्या करारनाम्याची कार्यालयातली प्रत होती. सून नको म्हणत असताना त्यांनी ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मधूनमधून ते “वा!” म्हणत होते. पंधराव्या पानाच्या तळाशी आले आणि त्यांनी कागद डोळ्याच्या अगदी जवळ नेला.

मुलाने घाबरून विचारले, “बाबा, दिसत नाहीये का?”

“दिसतंय. स्वच्छ दिसतंय.” त्यांनी त्या जागी बोट ठेवले. मुलाच्या सहीचा फराटा बरोबर त्या ओळीखालून गेला होता, जणू त्याने ती मुद्दाम अधोरेखित केली होती. ‘कलम चार मान्य नसल्यास कर्मचाऱ्याने सहीपासून तीस दिवसांत तसे एका ओळीत कळवावे. ते त्यास लागू होणार नाही. कारण देण्याची आवश्यकता नाही.’

सही होऊन दीड वर्ष झाले होते. बाईंनी नोंदी काढून पाहिल्या. कर्मचारी सहाशे चाळीस. आलेल्या हरकती शून्य. समितीला वाटले होते की सगळेच लिहितील. हरकतींसाठी तिने वेगळा खण करून ठेवला होता. बाळ त्यातच झोपले होते.

“ही आमची जुनी पद्धत,” वडील हळूच म्हणाले. “सवलत द्यायची, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. चार हजार अर्ज फेटाळले मी. एकानेही नियमांचं शेवटचं पान उलटलं नव्हतं. मला तेव्हा हसू यायचं रे.” आता त्यांना हसू येत नव्हते.

रजा संपली. सोमवारी सकाळी पडताळणीस अंथरुणातून उठला आणि कामावर हजर झाला (स्वखर्चाने).

ज्या वाचकांना त्याचे हसू आले असेल, त्यांनी गेल्या महिन्याभरात फोनवर, बँकेत किंवा नोकरीच्या ठिकाणी ‘वाचले व मान्य आहे’ म्हणून जिथे जिथे बोट टेकवले, ते कागद काढून पाहावेत. तीस दिवस अजून उलटले नसतील तर घाई करावी. हे वाचताना आपण नेमके घरी आहात की कामावर, तेही त्यात कुठेतरी लिहिलेले असेल. पहिल्या पानावर शोधू नये.