कोल्हा, वारा आणि सासूबाईंची चप्पल

वारा कसा वाचायचा हे मला विचारा! आयर्लंडातल्या डून लेरीला समुद्रकाठी राहतो, वारा आम्ही रोजच खातो! म्हणून २०१७च्या जूनमध्ये कोल्ह्याने सासूबाईंची डावी चप्पल पळवली, तेव्हा मी छाती काढून बायकोला म्हणालो, "रेवती, उद्या विमानतळावर आई त्याच चपलेत जातील!"

प्रकरण गंभीर होतं. लीलावतीबाईंची, म्हणजे आमच्या सासूबाईंची, टाच दुखते. नागपूरहून खास बनवून आणलेली ती मऊ चप्पल नसेल तर त्यांना चार पावलं टाकवत नाहीत. आणि चपला दाराबाहेर काढायची आपली सवय आयर्लंडात आलं तरी सुटत नाही. कोल्ह्याची चंगळ!

मी व्हिडिओ पाहिले. अमेरिकेत कायोटी नावाच्या कोल्ह्यांची शिकार करतात. नियम एकच! वारा आपल्या तोंडावर हवा, म्हणजे आपला वास समोरच्या जनावराला लागत नाही. मला काही त्याला मारायचं नव्हतं. आमिष उचलून तो बिळाकडे निघणार, मी त्याच्या मागोमाग, आणि चप्पल हातात!

"पण जावईबापू, तो येईन काय?" सासूबाईंनी विचारलं.

"येणारच! तुम्ही फक्त खिडकीत बसा. काहीही झालं तरी आवाज करायचा नाही!"

जूनमध्ये इथे अंधार फार उशिरा पडतो, त्यामुळे जेवणं झाली तरी बाहेर लख्ख उजेड होता. मागच्या अंगणात घराकडे तोंड करून मी सासूबाईंची पावडर चिमूटभर उडवली. सगळी माझ्याच डोळ्यांत! म्हणजे वारा तोंडावर. उत्तम! समोर सावजी रस्स्यातलं कोंबडीचं तंगडं ठेवलं, पावलं वाजू नयेत म्हणून बूट काढून मागे नीट जोडीने लावले आणि ओल्या गवतात पालथा पडलो.

थोड्या वेळाने सासूबाई खिडकीतून हात हलवायला लागल्या. जावयाचं केवढं कौतुक! मीही हात हलवला. त्यांनी दोन्ही हात हलवले. मीही दोन्ही! मग रेवती आली आणि दोघी मायलेकी चक्क नाचायलाच लागल्या. मी तोंडावर बोट ठेवून त्यांना दटावलं.

तेवढ्यात मागे गवत सळसळलं. वळून पाहतो तर कोल्हा! माझा उजवा बूट त्याच्या तोंडात! वारा माझ्या तोंडावर होता, म्हणजे माझा वास थेट पाठीमागे जात होता, आणि हा पठ्ठ्या वळसा घालून नेमका तिथूनच आला होता. काय त्याचं डोकं, काय त्याचा तोरा! तंगड्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. मी रागवायचं विसरून बघतच राहिलो. कुंपण ओलांडून साहेब निघूनही गेले.

"अहो आई, सांगायचं तरी!" मी ओरडलो.

"काहून ओरडता बाप्पा? तुम्हीच म्हणले होते न, आवाज नको म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सासूबाई विमानतळाकडे निघाल्या त्या उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायात माझा उरलेला बूट घालून. आत मोजे कोंबले होते. आणि काय सांगू, तुरुतुरु चालल्या! नागपूरला पोचताच फोन आला.

"जावईबापू, बूट तं एकदम भारी आहे! टाच दुखलीच नाही. दुसरा मिळाला तं पाठवून द्या!"

म्हणून हल्ली मी पुन्हा रोज गवतात पालथा पडतो. या वेळी हुशारीने बूट घरातच ठेवतो. काल मोजे गेले.