सातव्या दिवसाची खुर्ची

"तुम्ही चार दिवस घासता ना, ते मी चहा गार व्हायच्या आत लिहून देईन!"

असं मी बाबांना म्हणाले ती दुपार अगदी साधी होती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सुट्टीवर आले होते आणि कुणाच्या तरी कादंबरीला कात्री लावत बसले होते, कारण प्रकाशनसंस्थेत माझा तोच धंदा. बाबा जेवणाच्या टेबलाशी एका बोटाने टाइप करत होते.

बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या कुंपणांची इंचाइंचाने मापं घेतली आणि नंतरची अकरा वर्षं इंटरनेटवर संतांची! कॅथलिक प्रार्थना, उपास, जुन्या रीती, कोणत्या संताला कशासाठी साकडं घालायचं, सगळं त्यांच्या ब्लॉगवर. प्रत्येक लेखाखाली तळटीप: ग्रंथ, आवृत्ती, पान. कधी कधी तळटीप लेखापेक्षा लांब.

त्या आठवड्यात संत जोसेफचा नोव्हेना चालू होता. नऊ दिवस, रोज एक प्रार्थना आणि शेवटी वाचकांनी करायची एक छोटी कृती. सहावा दिवस नुकताच प्रसिद्ध झाला होता.

"वाचलंस का गं?" बाबांनी विचारलं.

"वाचायचा मला पगार मिळतो, बाबा. सुट्टीत फुकट नाही वाचत."

"सातव्याला अडलोय. कृतीला आधार सापडत नाही."

"मग ठोकून द्या काहीतरी! कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही," बाबा म्हणाले, "म्हणून तर."

तेव्हा मी ती चहाची बढाई मारली. बाबा हसले आणि पुन्हा एक बोट उगारून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. याहून जास्त मी त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

ब्लॉगवर शोकसंदेशांचा पूर आला. वाचक बाबांना दादा म्हणत. "दादांच्या आत्म्यास शांती लाभो. सातवा दिवस कधी टाकणार?" एकाने तर शांतीसुद्धा गाळली होती, नुसता प्रश्न! एका बाईंनी लिहिलं, "नोव्हेना अर्धवट राहिल्यामुळे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन अडलं आहे." संत जोसेफ सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखे लटकले होते आणि ही सगळी मंडळी खालून बटण दाबत होती.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तू लिही."

"आई, माझा यावर विश्वास नाही."

"विश्वास ठेव कुठे म्हणतेय मी? लिही म्हणतेय. त्यांनी कधी काही अर्धवट सोडलं नव्हतं."

मी चहा घेऊन बाबांच्या जागी बसले. प्रार्थना सरसर उतरली. बाबांची शैली मला तोंडपाठ होती. कशी, ते विचारू नका. राहिली कृती. मी खोलीभर नजर फिरवली. ज्या खुर्चीवर बूड टेकलेलं होतं तीच डुगडुगत होती. संत जोसेफ सुतार! झालं की!

"जुन्या रीतीप्रमाणे," मी लिहिलं, "सातव्या दिवशी घरातली डुगडुगणारी खुर्ची चर्चमध्ये नेऊन ठेवावी आणि प्रार्थना उभ्यानेच करावी." खाली तळटीप. बाबा नेहमी ज्याचा दाखला देत तो जाडजूड ग्रंथ, पान ४१२. पान मनाचंच. इतकं बावळट कोण असेल की खरंच खुर्ची उचलून निघेल, असा माझा हिशेब. चहा अजून कोमट होता!

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ब्लॉग बाबांचा, त्यामुळे लेखावर नाव बाबांचंच आलं. वाचकांची समजूत झाली की दादा हे जाण्याआधी लिहून ठेवून गेले. दुपारपर्यंत लोक तो लेख नव्या मथळ्याने एकमेकांना पाठवत होते: "दादांचे अखेरचे शब्द!" फोनाफोनी सुरू झाली. आईने तो लेख तीनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हे तुझं नाही गं. त्यांच्या वहीत सापडलं ना? मला कळतं की!"

मी चहाचा कप विसळायला उठले.

मग सुरू झाल्या आठवणी. एक निवृत्त शाळाबाई होत्या. त्यांनी लिहिलं, "आमच्या आजीच्या घरी ही प्रथा होती. खुर्ची उलटी करून नेत असत." लगेच कुणीतरी, "उलटी नव्हे, सुलटी! उलटी ही नंतरच्या काळातली भेसळ." मी सकाळी नऊ वाजता जन्माला घातलेल्या प्रथेत चार वाजेपर्यंत दोन पंथ पडले होते! एकाला विचारायचं होतं, स्टूल चालेल का. दुसऱ्याच्या घरच्या सगळ्या खुर्च्या घट्ट होत्या. एखादीचा पाय थोडा तासला तर पुण्य कमी होईल का, अशी त्याची शंका. मी हसले. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि चांगलं हसणं नव्हतं ते.

हसू थांबलं शुद्धिप्रमुखांमुळे. हे गृहस्थ स्वतःचं धार्मिक पान चालवत आणि अकरा वर्षं बाबांची एक तरी चूक पकडायला टपून होते. नाव आमच्या घरीच पडलेलं. त्यांनी एकच ओळ लिहिली: "ग्रंथ चर्चच्या वाचनालयात आहे. उद्या पाहतो."

रविवारी चर्चमध्ये खुर्च्याच खुर्च्या! जेवणाच्या, बागेतल्या, वेताच्या, एक लहान मुलाची, आणि न्हाव्याने आणलेली त्याच्या दुकानातली फिरती. ऑफिसातली एक चाकांची खुर्ची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना आपली आपण निघाली आणि थेट वेदीपाशी जाऊन थांबली. काहींनी छातीवर क्रूसाची खूण केली. माझी आई आमची खुर्ची स्वतः उचलून घेऊन आली होती. मला हात लावू दिला नाही.

मिस्सा संपल्यावर दमलेले फादर जवळच्या खुर्चीवर टेकले. ती त्यांच्यासकट खाली बसली!

"या प्रथेबद्दल," फादर जमिनीवरून म्हणाले, "सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकताना मला कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं!"

"सांगणार कसं?" मागून आवाज आला. शुद्धिप्रमुख! बगलेत जाडजूड ग्रंथ. "प्रथाच नाही! दादांनी पान दिलंय चारशे बारा. हा ग्रंथ तीनशे अठ्ठ्याऐंशीला संपतो." त्यांनी ग्रंथ उघडून सगळ्यांना शेवटचं कोरं पान दाखवलं, जादूगार रिकामी टोपी दाखवतो तसं. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण शेवटी शेवटी दादा मनाचं लिहायला लागले होते, हे आता दिसलंच. आधीचं किती खरं, देव जाणे!"

सगळे आईकडे बघायला लागले. आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. त्या हाताखाली खुर्ची टकटक वाजत होती.

"ते मी लिहिलं," मी म्हणाले.

"काय?" शुद्धिप्रमुखांनी विचारलं.

"सातवा दिवस. सगळा. खुर्ची माझी, पान माझं. बाबा आधार शोधत होते, तो सापडला नाही म्हणून त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. मी पंधरा मिनिटांत लिहिलं. तुमच्यावर हसायला."

आई माझ्याकडे बघत नव्हती.

"पण आमच्या आजीकडे तर होती ही प्रथा!" शाळाबाई म्हणाल्या.

"बाई, नव्हती."

"उलटी नेत असत!"

"मग आता खुर्च्या परत न्यायच्या की काय?" न्हाव्याने विचारलं. "हिला आणायला चार माणसं लागली!"

शुद्धिप्रमुखांना खुर्च्यांशी देणंघेणं नव्हतं. "थांबा! आज ही म्हणते मी लिहिलं, तर आधीचं कशावरून दादांचं? आणि कशावरून खरं? सगळे लेख तपासायला हवेत. पहिल्यापासून!"

"तपासा," मी म्हणाले. "काही सापडणार नाही."

"तू कशी सांगतेस? तू तर वाचतही नव्हतीस. दादाच म्हणायचे, मुलीला वेळ नसतो."

आता आई माझ्याकडे बघत होती. फादर उठायचं सोडून तिथेच बसून ऐकत होते. मी चर्चमध्ये इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

"वाचत होते. रोज, ऑफिसला पोचल्यावर, आधी तेच. तुमच्यासारखीच चूक शोधायला सुरुवात केली होती. दोन वर्षं शोधली, एक नाही सापडली. मग शोधायचं राहून गेलं आणि मी नुसतीच वाचत राहिले. मला आवडायचं ते. मी त्यांना कधी सांगितलं नाही. बाबा, मला फार आवडायचं."