विनूकाकांचा फर्मा

लग्नाच्या पंगतीत आमच्या विनूकाकांच्या शेजारी बसू नये. पुरी तुमच्या तोंडाशी असते आणि हे झोळीतून लाकडाची एक चौकट काढून तुमच्या पानाशेजारी ठेवतात. म्हणतात, "हलवून दाखवा." एकदा तर पुण्याहून आलेल्या व्याह्यांनाच हलवायला लावली. त्यांना वाटलं, ग्वाल्हेरकडचा काही विधी असेल. त्यांनी हलवली आणि वर नमस्कारही केला.

ती चौकट म्हणजे फर्मा. दर्पण कॉलनीत आमची आणि काकांची भिंत एकच, त्यामुळे गिटारच्या डोक्याबद्दल मला जी माहिती आहे ती मी मागितलेली नाही. काही गिटारींच्या डोक्यात दोन लांबट खाचा असतात, आरपार. तारा त्या खाचांमधल्या दांड्यांवर गुंडाळतात. खाचा सरळ पडाव्यात म्हणून डोक्यावर फर्मा जराही हलणार नाही असा आवळायचा आणि कापायचं मशीन त्याच्या कडेने चालवायचं. साधा माणूस एक फर्मा करेल, दोन खाचा पाडेल आणि जेवायला बसेल. विनूकाका रिटायर झाल्यापासून फर्मेच करताहेत.

सागवानाचा झाला, शिसमचा झाला, ॲक्रिलिकचाही झाला. लाकडाचे तुकडे किला गेटहून, नटबोल्ट मुरारहून. किला गेटचा मिस्त्री विचारतो, "बाबूजी, गिटार कब बनेगी?" काका म्हणतात, "पहले फर्मा तो बैठे." नवा फर्मा रद्दी लाकडावर चालवून बघायचा, खाच उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हूं. केसभर." केसभर म्हणजे बाद. बाद फर्म्यांवर काकूंच्या कुंड्या उभ्या आहेत. गणपतीत प्रसादाच्या बर्फीसाठीसुद्धा त्यांनी फर्मा केला होता. वड्या इतक्या सारख्या आल्या की मोठी बघून उचलायची सोयच राहिली नाही. कॉलनी नाराज झाली.

हे सगळं एका गिटारसाठी. ती सुमनकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची, वडिलांनी दिलेली. काकू शाळेत संगीत शिकवायच्या आणि संध्याकाळी अंगणात वाजवायच्या. मग संधिवात झाला, स्टीलच्या तारा बोटांना सोसेनात. काकांनी ठरवलं, नायलॉनच्या तारा चढवू, त्या मऊ. पण नायलॉनला खाचांमधले जाड दांडेच हवेत, असं काकांचं शास्त्र. नवी गिटार आणू म्हटलं तर काकू म्हणाल्या, "वाजवीन तर हीच." म्हणजे डोकं एकच. चुकलं तर दुसरं नाही. काकांची भीती मला समजायची, पण भीतीलाही काही मुदत असते की नाही?

परवा दुपारी गेलो तर गिटार टेबलावर, आणि नवा फर्मा तिच्या डोक्यावर आवळलेला.

"हलवून दाखव."

मी चांगला जोर लावला. हलेना. त्याच फर्म्याने रद्दी लाकडावर पाडलेली खाच त्यांनी उजेडात धरली, डोळा मिटला आणि तुकडा खाली ठेवला. केसभरही फरक नव्हता.

"मग काका, चालवा की मशीन."

त्यांनी मशीनची वायर गुंडाळून ठेवली. माझी सहनशक्ती संपली.

"अहो, काकूंनी वाट तरी किती बघायची?"

काका बोल्ट सैल करायला लागले. "तिची बोटं बघितलीस? आता पोळीचा घासही तोडता येत नाही तिला. मी तोडून देतो." दुसरा बोल्ट सैल झाला. "सध्या गिटार तयार नाही म्हणून ती वाजवत नाही. उद्या तयार झाली, की मग कशामुळे वाजवत नाही म्हणेल?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या नकला करून लोकांना हसवत आलो. मी सुटलेला बोल्ट उचलून त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात काकू दारात आल्या. हात पदराखाली. त्यांनी गिटारकडे पाहिलं, मग काकांकडे.

"झाला का फर्मा?"

"थोडा हलतोय अजून," काका म्हणाले.

"मग असू द्या," काकू म्हणाल्या. "जल्दी काय आहे."