सावडीचा सेंटर फॉरवर्ड

ग्यानबाने जानरावच्या हॉटेलात चहाची बशी तोंडाला लावली आणि अगदी सहज म्हटलं, "हेमसिंगच्या घरी काल गाठोडे बांधून राह्यले होते."

हे खोटं नव्हतं. हेमसिंगची बायको गोधड्या बांधत होती, नदीवर धुवायला न्यायला. एवढा भाग ग्यानबाने चहाबरोबर गिळला.

हेमसिंग म्हणजे गावचा ग्रामसेवक आणि आसेगावच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड. ग्यानबा त्याच संघाचा राखीव गडी. सहा वर्षांत त्याने मैदानात पाय ठेवला तो चुन्याच्या रेघा मारायला. पण सोयरीक जुळवताना त्याने शेलूबाजारच्या शेषरावांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की मी सेंटर फॉरवर्ड आहे. शेषराव फुटबॉलचे एवढे वेडे, की त्यांनी पगारी मास्तर नाकारून पोरगी ग्यानबाला दिली. आता त्यांचं कार्ड आलं होतं: 'रविवारी फायनलले येतो. जावयाचा खेळ पाहीन.' आणि रुख्मिणीने चुलीपुढून न वळता सांगितलं होतं, "बाबाले तुमी मैदानात नाई दिसले, तर मी त्यायच्यासंग माहेरी चालली."

म्हणून ते गाठोडं. हेमसिंगची जागा रिकामी होणार असं वाटलं, की संघ आपल्याकडे वळेल, असा ग्यानबाचा हिशोब.

दुपारपर्यंत हेमसिंगची बदली मालेगावला झाली. दिवेलागणीला ती नागपूरला पोचली, आणि पानठेल्यावर कळलं की तिथल्या एका मोठ्या क्लबाने त्याला थेट सरकारकडे मागितलं आहे.

"सरकार ग्रामसेवक कायले देईन बे?" देवमनने विचारलं. देवमन संघाचा गोलकीपर.

"ग्रामसेवक नाई देत. फुटबॉलवाला देते," जानराव म्हणाला. हॉटेल त्याचं, चेंडू त्याचा, म्हणून मॅनेजरही तोच.

बुधवारी सकाळी हेमसिंग स्वतः हॉटेलात येऊन ओरडला, "माही बदली झाली नाई! कोण सांगून राह्यलं?"

तो गेल्यावर जानरावने मान हलवली. "पाह्यलं? नाई म्हणते. म्हंजे ऑर्डर खिशात हाये. मन उडालेला माणूस उद्याच्या मॅचले नाई पायजे. आपून कामरगावचा अमरसिंग उसना आणू."

ग्यानबाने बशी खाली ठेवली. "जानरावभाऊ, उसना गडी जीव लावून खेळत नसते. घरचा माणूस असला तर..."

"उसना बैल नाई का दुप्पट ओढत? घरी कडबा, इकडे सरकी. अमरसिंगले सरकी चारू."

कामरगावचे कॅप्टन माणिकराव दुपारच्या एस.टी.ने आले. ते शेतकरी माणूस. उसनवारीची त्यांना एकच रीत ठाऊक होती, ती सावडीची. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी आपापले बैल जोडतात. एक दिवस जोडी याच्या वावरात, दुसऱ्या दिवशी त्याच्या.

"आमचा एक, तुमचा एक," माणिकराव म्हणाले. "पहिला दिवस कोणाचा?"

"आमचा!" जानराव ओरडला, कारण आसेगावची सेमीफायनल गुरुवारी होती. पुढचे दिवस मोजायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. आणि अमरसिंगसारख्या खेळाडूच्या बदल्यात काय जोडावं, याचा त्याने क्षणभरच विचार केला. संघातला ज्याच्यावाचून काहीच अडत नाही असा एकच गडी होता.

"हा आमचा ग्यानबा. लय गुणाचा हाये. रेघा सरळ मारते."

गुरुवारी जोडी आसेगावची. अमरसिंगने दोन गोल केले, आणि ग्यानबा बाहेर चपला सांभाळत बसला. शुक्रवारी दुसरी सेमीफायनल, जोडी कामरगावची. तिथे मात्र माणिकरावांनी ग्यानबाला आत उतरवलं.

"मले?" ग्यानबाने मागे वळून पाहिलं.

"सावडीचा बैल बांधून ठेवला तर धन्याचा अपमान होते. जा, हिंडून ये."

ग्यानबा हिंडला. चेंडूला त्याचा त्रास झाला नाही. कामरगावही जिंकलं, आणि मग संध्याकाळी जानरावने पहिल्यांदा बोटं मोजली. गुरुवार आपला, शुक्रवार त्यांचा, शनिवार आपला. रविवारच्या बोटावर तो थांबला, आणि त्याने हेमसिंगला बोलावणं धाडलं. ते बोलावणं तीन वेळा धाडावं लागलं.

रविवारी शेषराव धुवट धोतरात, आसेगावच्या माणसांत येऊन बसले. "आमचे जावईबुवा कुठं दिसत नाई?"

"तिकडे हायेत," जानराव दात चावून म्हणाला. "कामरगावकडून."

"म्हंजे मागणी आली?" शेषरावांचा ऊर भरून आला. "मले वाटलंच होतं!"

सामना सुरू झाला. आसेगावच्या पाच माणसांनी अमरसिंगला घेरलं. ग्यानबाकडे कोणी फिरकलं नाही. सहा वर्षं एकत्र राहून आसेगावला त्याची पूर्ण माहिती होती. तो गोलपुढे एकटाच उभा राहून, आपण चेंडू नेमका कोणत्या बाजूच्या गोलात मारायचा याची मनातल्या मनात उजळणी करत होता. शेवटची पाच मिनिटं उरली असताना अमरसिंगने वैतागून चेंडू हाणला. ग्यानबा तेव्हा सासरे दिसतात का ते पाहायला वळला होता. चेंडू त्याच्या कमरेवर आदळला, आणि देवमन उजवीकडे उडी मारत असताना डावीकडून आत गेला.

आसेगावच्या माणसांत एकटे शेषराव नाचले. त्या एका गोलावर कामरगाव जिंकलं.

"थो गोल आमच्या बैलानं केला!" जानरावने बक्षिसाची शील्ड धरून ठेवली. "शील्ड आमची!"

"बैल तुमचा," माणिकराव शांतपणे म्हणाले. "पण आज वावर कोणाचं होतं?"

जानराव स्वतः दर साल सावडीने पेरत होता. त्याने शील्ड सोडली.

सोमवारी सकाळी ग्यानबा जीव मुठीत धरून हॉटेलात आला, सोबत सासरे. तेवढ्यात हेमसिंग आला आणि त्याने टेबलावर कागद आपटला. बदलीची बोलवा तालुक्यापर्यंत गेली होती. जागा रिकामी झाली समजून दुसऱ्याच एका ग्रामसेवकाने ती मागून घेतली, आणि आता दोघांना एक जागा होत नाही म्हणून हेमसिंगची खरोखरच बदली झाली होती.

"कुठं?" देवमनने विचारलं.

"कामरगाव!"

मग जानरावने स्वतःच्या हाताने मलईचा चहा केला आणि ग्यानबापुढे ठेवला.

"ग्यानबाजी, सेंटर फॉरवर्डची जागा रिकामी झाली गा. येत्या साली तुमीच उभे राहा."

ग्यानबाने तोंड उघडलं, पण शेषरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आज सोमवार, म्हंजे जोडी तुमची," ते म्हणाले. "आजचं आमी हो म्हणतो. उद्याचं कामरगावले विचारा."