कानात बोळे घालून

वाद्य ऐकण्याआधी कानात कापसाचे बोळे घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मैनूचाचा. म्हणजे मैनुद्दीन नदाफ, वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम ढोकी, आमच्या मेडिकलच्या मागची गल्ली. नको ते कानावर पडू नये म्हणून लोक बोळे घालतात. चाचा मात्र नीट ऐकायचं असलं की घालायचे. मी हसलो की बोळ्यांसकट माझ्याकडे बघत म्हणायचे, "हसा अण्णा, हसा. तुमचे कान लई चांगले हायत, म्हणून तर तुमाला काय कळत न्हाय."

माझ्या दुकानातला कापूस त्यांना चालायचा नाही. एकदा मी नवा गुंडाळा फोडून दिला, तर दोन बोटांत चुरगाळून त्यांनी तो काउंटरवर परत ठेवला. "ह्यो कापूस व्हय? ह्यो तर कागद हाय." मग खिशातून स्वतःचा कापूस काढला, बोटांनी पिंजला, मऊ बोळे वळले आणि कानात बसवले. हे सगळं चाललेलं असताना खोकल्याचं औषध घ्यायला आलेली बाई मला खुणेनं विचारत होती, यांचं बरं आहे ना?

चाचा पिढीजात पिंजारी. खांद्यावर माणसाएवढी उंच पिंजण घेऊन ढोकीपासून येरमाळ्यापर्यंत गावंच्या गावं फिरलेले. पिंजण म्हणजे एक भलंमोठं धनुष्यच. त्याला तांत बांधलेली, तांत म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची पीळ दिलेली दोरी. कापसाच्या ढिगात ती धरायची आणि लाकडी मोगरीनं ठोकायची. 'धंव्व' असा आवाज यायचा आणि गादीतला दगड झालेला कापूस उडायला लागायचा. येडेश्वरीची यात्रा जवळ आली की पाहुण्यांसाठी गाद्या पिंजून घ्यायला घरोघर चाचांची वाट बघत.

संध्याकाळी घरी परतताना गल्लीच्या वळणावर चाचा तांतीला एक ठोका द्यायचे. तो ऐकला की हलीमाचाची चुलीवर चहाचं आधण ठेवायची. एक ठोका म्हणजे चाचा एकटे. दोन ठोके म्हणजे सोबत पाहुणा, चहा वाढवायचा. हा हिशेब आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होता. दोन ठोके पडले की माझी आई चूल फुंकता फुंकता म्हणायची, "चाचीकडं आज कोण आलं गं बाई?"

पुढे मशीन आलं. चाचांच्या मुलानं, शब्बीरनं, बसस्टँडजवळ गादी कारखाना टाकला. धंदा चांगला चालतो. चाचा दिवसभर तिथं बाकड्यावर बसून मशीनकडे बघतात. "लई काम करतं," म्हणतात, "पर बोलत न्हाय. नुसतं वरडतं." पिंजण माळ्यावर गेली. लाकूड वाळवीनं खाल्लं, तांत उंदरांनी. आणि चाचांचा खांदाही आता पिंजण उचलण्याजोगा राहिलेला नाही.

पण कानाची सवय गेली नाही. जे जे ताणलेलं दिसेल त्याला चाचा टिचकी मारणार आणि कान लावणार. आमच्या अंगणातली धुण्याची दोरी, बाजेचा सुंभ, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरचा कासरा, काही सोडायचे नाहीत. मग निकाल. निकाल तीनच: 'मुकी', 'बडबडती' आणि 'बोलती'. पहिल्या दोनांत जग संपायचं. 'बोलती' हा शेरा मी तोवर कुठल्याच दोरीला मिळालेला पाहिला नव्हता. माणसांनाही हीच मोजपट्टी लागायची. मी त्यांच्या मते मुका आणि माझी बायको सुमन बडबडती. हे त्यांनी सुमनच्या हातचे पोहे खाता खाता तिलाच सांगितलं, आणि गंमत म्हणजे ती हसली. मी असं म्हणालो असतो तर पोहे बंद झाले असते.

आता माझ्या घरात वाद्य कसं आलं ते सांगतो. गेल्या वर्षी माझं बीपी वाढलं. दिवसभर लोकांना बीपीच्या गोळ्या विकणाऱ्या माणसाचं बीपी वाढावं, याला काय म्हणायचं ते म्हणा. लातूरचे डॉक्टर म्हणाले, "ताण कमी करा. एखादा छंद लावून घ्या." मी सोलापूरला गिटार बघायला गेलो. सुमन म्हणाली, "एवढं धूड ठेवणार कुठं? गोळ्यांच्या खोक्यांवर?" तेव्हा दुकानदारानं गिटारचं बाळ असावं असं एक वाद्य काढलं. युकुलेली. चार तारा, हातभर लांबी, वजन काहीच नाही. घेतलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत बसून मी ते वाजवत होतो, निदान माझी तशी समजूत होती. पाचव्या मिनिटाला चाचा दारात उभे.

"अण्णा, हे काय वाजवायलाव?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते उच्चारायचा प्रयत्नही केला नाही. हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि चेहरा एकदम उजळला. "अरं, हे तर पिंजणीचं पिल्लू हाय!" तेव्हापासून त्याचं नाव पिल्लू.

"डॉक्टरनं ताण कमी करायला सांगितलंय," मी म्हणालो.

"ते दिसतंयच की. तांत पार लोंबायली." आणि त्यांनी खुंट्या पिळायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून वाद्य माझं आणि उद्योग चाचांचा. सोबत आलेल्या काळ्या नायलॉनच्या तारा पहिल्याच दिवशी मुक्या ठरल्या. मी सोलापूरहून कार्बनच्या पारदर्शक तारा मागवल्या. त्या बारीक, ताठ आणि आवाजाला खणखणीत होत्या. मी खूष. चाचांनी बोळे घातले, टिचकी मारली, मान हलवली. "बडबडती. कानात शिरायच्या आदीच मरायली."

"बोळे काढा की मग!"

"बोळे काढल्यावर तर समदंच ऐकू येतंय. त्यात काय इशेष?"

चौथी तार हे त्यांचं खास दुखणं होतं. या वाद्यात सगळ्यात वरची तार जाड नसते, चांगली बारीक असते. तशी रीतच आहे. चाचांना ती रीत पटेना. "आजा बारीक अन् नातू जाड, असं कुठलं घर असतंय? वरची तांत भारदस्तच पायजे." मग त्या जागेसाठी भारदस्त तांतीचा शोध सुरू झाला.

एके सकाळी दुकानात येऊन म्हणाले, "तुमच्याकडं टाके घालायचा दोरा असतोय न्हवं? आतड्याचा?" कुठून कळलं होतं कोण जाणे. मी सांगितलं, "चाचा, तो शरीरात विरघळतो." "मंग? ह्या पिल्लाला काय पोट हाय का?" दोरा बांधला, पिळला, टिचकी मारली. 'किण्' झालं. चाचा म्हणाले, "मुंगी बोलली."

मग ते तेरणा धरणावर गेले. मासे धरायच्या गळाला जो जाड प्लास्टिकचा धागा असतो, तंगूस, तो बघायला. तिथं एक भोई गळ टाकून बसला होता. चाचांनी काही न विचारता त्याच्या पाण्यात ताणलेल्या तंगुसाला टिचकी मारली. मासा गेला. भोयानं चाचांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पण चाचा परत आले ते तीन जाडीचे तंगूस घेऊनच. "शिव्या देत व्हता, पर माणूस दिलदार."

तंगूस बांधून झाला की परीक्षा असायची. चाचा पिल्लू घेऊन बाहेर जायचे आणि सुमननं स्वयंपाकघरात पाठमोरं बसून, ऐकू आलं की हात वर करायचा. सुमनच्या कानातही बोळे. मी बिनबोळ्यांचा, म्हणून परीक्षेतून बाद. "भिंतीपल्याड गेला पायजे आवाज," चाचा म्हणायचे, "अन् मऊ गेला पायजे. कुणी दचकू नये." वैद्याच्या गंभीरपणानं चाललेला हा खेळ बघून मला इतकं हसू यायचं, की डॉक्टरांनी सांगितलेला उपाय एका परीनं लागू पडला होता.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला हवी होती. चाचीच्या कानाच्या मशीनला बटणाएवढे सेल लागतात, ते चाचा दर महिन्याला माझ्याकडून न्यायचे. कितीतरी महिने झाले, नेले नव्हते. गिऱ्हाईक घटलं एवढं दुकानदाराला कळतं. का घटलं हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग तो प्रसंग घडला. तिसरा तंगूस सगळ्यात जाड होता. चाचा तो पिळत गेले, पिळत गेले. "आजून थोडा ताण... आजून थोडा..." मी म्हणत होतो, "चाचा, बास." आणि फाट्कन आवाज झाला. ज्या पट्टीला तारा बांधतात ती घोडी लाकडासकट उपटून आली.

मी चिडलो. खोटं कशाला सांगू, चांगलाच चिडलो. "चाचा, कानात बोळे घालून बसलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही, ते हे असं! तुमच्या खुळापायी माझं वाद्य गेलं!"

चाचांनी कानातले बोळे काढले, पिल्लू खांद्यावरच्या रुमालात गुंडाळलं आणि "सुताराकडून डकवून आणतो" एवढंच म्हणून गेले.

चार दिवस चाचा फिरकले नाहीत. दोरी, बाज, सगळं बिनटिचकीचं. सुमन म्हणाली, "ताण कमी करायला आणलंत आणि त्याच्यावरून बापाच्या वयाच्या माणसाला बोललात." यावर मी मुका, हे चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी निघालो. वरवर कारण, वाद्य आणायचं. चाचा मला त्यांच्या दाराबाहेरच सापडले. पिल्लू काखेत, कानात बोळे. घोडी नीट बसवलेली होती, पण चारांतल्या तीन तारा काढून टाकलेल्या. एकच उरली होती, तो जाड तंगूस. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बोळे काढले.

"आलाव व्हय घ्यायला? घिऊन जावा. फकस्त एकडाव बगू द्या."

"काय बघताय चाचा?"

त्यांनी उघड्या दारातून आत बोट दाखवलं. अंगणापलीकडच्या पडवीत चाची आमच्याकडे पाठ करून गहू निवडत बसली होती.

"तिचे कान गेले, अण्णा. डॉक्टर म्हनला, बारीक आवाज समदे गेले, जाड तेवढे ऱ्हायलेत. मशीन घातली की भांड्याचाच खणखणाट हुतोय म्हनं, काढून ठिवली. म्या घरी येतो, जवळ जाऊन हुबा ऱ्हातो, अन् ती वळून बगती अन् दचकती. रोज. 'चोर के सरीका आते जी तुमे,' म्हनती." त्यांनी पिल्लू काखेतून हातात घेतलं. "पन्नास वर्सं ह्या घरात वाजत आलो म्या. अन् आता चोरावानी."

"मग दार वाजवा की."

"दार कुणीबी वाजवतंय. म्या आलो, हे कसं कळावं?"

मला माझे शब्द आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा बायकोचे कान लावून ऐकत होता आणि मी त्याला खूळ म्हणालो होतो. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

चाचांनी पिल्लाची पाठ दाराच्या लाकडी फळीला टेकवली आणि अंगठ्यानं तंगूस ओढून सोडला. आवाज झाला, दारही किंचित थरथरलं. चाची गहू निवडत राहिली.

चाचांनी सवयीनं खुंटी पिळायला हात नेला. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, "चाचा, उलटी फिरवा. ताण कमी करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुंटी सैल केली, एक वेढा, अजून अर्धा. तंगूस जरा लोंबला. पुन्हा पिल्लू फळीला टेकवलं, पुन्हा ओढून सोडला. धंव्व. लहानपणी ऐकलेल्या त्या आवाजाचं हे खरोखर पिल्लूच होतं, पण त्याच जातीचं.

चाचीचे हात थांबले. तिनं मान वर केली. वळून बघितलं नाही. सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पडवीतल्याच गॅसवर चहाचं पातेलं ठेवलं. मांडणीवरून दोन कप काढले. मग पाठमोरीच, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आये क्या जी? आज जल्दी आये!"

"बोलती," चाचा पुटपुटले. डोळे पुसायला त्यांनी खिशातला कापूस काढला. "अण्णा, तुमचा डॉक्टर बराबर बोलला व्हता."

वाद्य परत मागायला आलोय, हे आता तोंडातून निघणं शक्य नव्हतं, आणि ते मला नकोही होतं. मी म्हणालो, "चाचा, निघतो मी. ते राहू द्या तुमच्याकडंच."

चाचांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं पिल्लू पुन्हा फळीला टेकवून त्यांनी आणखी एक ठोका दिला.

आत चाचीनं पातेल्यात अजून थोडं पाणी ओतलं आणि मांडणीवरचा तिसरा कप काढला.