डिंभ्याच्या मांडवातली तुतारी

मांडवात सनईच्या जागी समर्थने आपला डिजिटल पियानो मांडला. वडिलांचा, गेणू सनईवाल्यांचा, दम आता पुरत नव्हता. म्हणून त्याने पियानोला वायरीने निरनिराळ्या वाद्यांचे आवाज काढणारी एक लहानशी पेटी जोडली होती. बोटे पियानोवर चालत आणि सूर पेटीतून निघत, थेट सनईचे. दोन आवाजांची सरमिसळ नको, म्हणून पियानोचा स्वतःचा आवाज त्याने बंदच करून टाकला होता.

"आज हर्षालीचं नीट वाजव," वधूपिता सावळेराम म्हणाले, "मंग धाकटीचं लगीनबी तुलाच. न्हाईतर बँड सांगतो."

हे काम हातचे गेले, तर चाकणच्या कंपनीवाचून समर्थला दुसरी वाट नव्हती.

पहिले मंगलाष्टक सुरेख पार पडले. दुसऱ्याला थोडा हळवा रंग द्यावा, म्हणून त्याने संतूरचे बटण दाबले. पण पेटीकडे जाई तो बटणाचा नुसता क्रमांक; पियानोच्या लेखी जे संतूर होते, ते पेटीच्या लेखी तुतारी होते. मांडव दणाणला.

लग्नात तुतारी वाजते ती पुढारी दारात आल्यावरच, हे डिंभ्यात कोणाला सांगावे लागत नाही. सूत्रसंचालक गोरखने भटजींना हातानेच थांबवले.

"मंडळी, आशीर्वाद देण्यासाठी सन्माननीय पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे!"

दारात जानकू उभा होता, खांद्यावर पाण्याचा जार घेऊन.

"आरं, म्या पाणी घिऊन..."

"भाऊ, आधी मान घ्या," असे म्हणत कोणीतरी त्याच्या डोक्यावर फेटा चढवला.

बोट घसरले असेल, अशी स्वतःची समजूत घालून समर्थने तेच बटण पुन्हा, अधिक काळजीपूर्वक दाबले. या खेपेला दारात साळुबाई आपल्या चपला शोधत होत्या.

"आगं बया, मला कशापायी?" म्हणत त्यांनी खांद्यावर पडलेली मानाची शाल मात्र घट्ट धरली.

"दारात जो घावतोय त्येला मान मिळतोय राव!" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले.

"मंग हितं काय नुसत्या अक्षताच धरून बसायच्या?"

घाबरून समर्थने शेजारचे बटण दाबले. तुतारीला नगारा येऊन मिळाला, आणि एकामागून एक रांगा उठून दाराकडे लोटल्या. नवरदेवाच्या मागे उभा असलेला मामाही "आमाला मान न्हाई व्हय?" असे पुटपुटत निघाला. गर्दी आवरायला गोरख माइकसकट खाली धावला.

शेवटी समर्थने वायरच उपटली. पेटी गप्प झाली. पियानो तर आधीपासूनच मुका होता. हात काढून घेण्याचेही धैर्य न झाल्याने तो पट्ट्यांवर बोटे फिरवत राहिला. तुतारी नाही, माइकही नाही, अशी संधी साधून भटजींनी घड्याळ पाहिले, मांडव पाहिला आणि उरलेली मंगलाष्टके एका दमात उरकली.

"शुभमंगल सावधान!"

हर्षालीने हार घातला. उरलेल्या पाच-सहा माणसांनी अक्षता टाकल्या. दाराशी अजून रांगेवरून भांडण चालले होते.

सावळेराम जवळ आले, तेव्हा समर्थने मान वर केली नाही.

"चुकलं, काका."

"माझं लगीन, थोरल्याचं, पुतणीचं..." सावळेराम पियानोकडे बघत म्हणाले, "कुणी ना कुणी पुढारी येतोय, भाषणं व्हत्यात, अन् मुहूर्त जातोय निघून. आमच्या घरात आज पयल्यांदा लगीन येळेवर लागलं. धाकटीच्या लग्नाला तूच."

"वाजवू काय त्या वक्ताला?"

सावळेरामांनी दाराशी चाललेल्या भांडणाकडे पाहिले.

"वाजवायचं कशाला? असाच बस. हात तेवढं हालतं ठेव."